अभिजात इंग्रजी कादंबरीतील घर आणि घरावरचा हक्क : दक्षिण कोकणच्या संदर्भात एक वाचन

विषयप्रवेश

वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या अगदी दक्षिण टोकाचे गाव. तेरेखोलच्या खाडीजवळ गोव्याची हद्द लागते. यशवंतगड, माउलीचे देऊळ, लोहखनिजाच्या खाणी आणि बंदर ही या गावाची बाहेरच्यांना असलेली ओळख. रेडीहून उत्तरेकडे निघाले की शिरोडा आणि त्यापुढे आरवली लागते. शिरोड्यास वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ या काळात शिक्षक म्हणून वास्तव्य केले. आरवली हे जयवंत दळवी यांचे गाव. वाङ्मयीन दृष्ट्या संपन्न असलेल्या या पट्ट्यातील विद्यार्थी पदवीच्या वर्गात जेन ऑस्टिन, ब्रॉन्टे भगिनी, ई. एम. फॉर्स्टर यांच्या कादंबऱ्या वाचतात, तेव्हा त्यांना त्यातील पोशाख, नृत्यसमारंभ आणि हवामान परके वाटते. एक गोष्ट मात्र ओळखीची वाटते, ती म्हणजे घराविषयीची ओढ.

ही ओळख सुखद असते आणि म्हणूनच ती तपासून घेणे आवश्यक ठरते. अभिजात इंग्रजी कादंबरीतील घराच्या जिव्हाळ्याकडे समीक्षेने बराच काळ एक नैसर्गिक सद्‌गुण म्हणून पाहिले. परंतु घरावर प्रेम कोण करते आणि घर कोणाच्या नावावर असते, हे दोन प्रश्न शेजारी ठेवले की चित्र बदलते. प्रस्तुत लेखात हे दोन प्रश्न निवडक इंग्रजी कादंबऱ्यांना आणि त्यानंतर दक्षिण कोकणातील घराच्या अनुभवाला विचारले आहेत. या कादंबऱ्यांत घराविषयीचा सर्वांत खोल जिव्हाळा बहुधा हक्क नसलेल्या माणसांच्या वाट्याला येतो, आणि पुष्कळदा हा जिव्हाळाच हक्काची मागणी न करण्याचे कारण बनतो, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

वारसा आणि बेघर मुली

जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांचा आरंभ अनेकदा घर जाण्याच्या शक्यतेतून होतो. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (१८११) मध्ये नॉरलंडची मालमत्ता मृत्युपत्राने अशी बांधलेली आहे की हेन्‍री डॅशवुडच्या मृत्यूनंतर त्याची दुसरी पत्नी आणि तिच्या तीन मुली आपल्याच घरात पाहुण्या ठरतात. सावत्र भाऊ जॉन याने मरणासन्न वडिलांना शब्द दिलेला असतो. प्रथम तो तिघी बहिणींना मिळून तीन हजार पौंड देण्याचे मनात आणतो. पुढे पत्नीशी झालेल्या एकाच संभाषणात ही रक्कम पायरीपायरीने घटत जाते आणि शेवटी सामान हलवण्यास मदत व अधूनमधून मासळी किंवा शिकार पाठवणे एवढ्यावर येऊन थांबते. हा प्रसंग विनोदी ढंगाने लिहिलेला आहे. तथापि कुटुंबातील प्रेमाची भाषा वापरून हक्क कसा नाकारला जातो, याचे इतके नेमके चित्रण इंग्रजी कादंबरीत क्वचितच आढळेल. येथे कोणी कायदा मोडत नाही, कोणी आवाज चढवत नाही. बहिणींना फारशी गरजच पडणार नाही, असे पतिपत्नी एकमेकांना समजावतात, एवढेच.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मधील लाँगबर्नचे घर पुरुष वारसालाच मिळावे, अशी व्यवस्था असल्याने पाच मुली असूनही ते दूरच्या नात्यातील कॉलिन्सकडे जाणार आहे. मिसेस बेनेटची मुलींच्या लग्नाविषयीची घाई वाचकाला हास्यास्पद वाटते, परंतु नवरा गेल्यावर या घरात आपल्याला जागा नाही हे उघडपणे बोलणारी या कुटुंबात तीच आहे. शार्लट लुकसने कॉलिन्सला होकार देणे हाही घराचाच व्यवहार होय. ती प्रेम मागत नाही. तिला स्वतःची चूल हवी आहे. एलिझाबेथचे मन पेंबर्ली पाहिल्यावर पालटू लागले, हे ती स्वतः थट्टेने म्हणते. या थट्टेतील सत्य असे की घर न गमावण्यासाठी स्त्रीसमोर दुसऱ्याच्या घरात जाणे एवढा एकच मार्ग खुला होता.

‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) मध्ये हा प्रश्न वर्गाच्या अंगाने येतो. गरीब मावसबहीण फॅनी प्राइस दहाव्या वर्षी श्रीमंत नातेवाइकांच्या घरी आणली जाते, आणि ती इथल्या मुलींच्या बरोबरीची नाही याचे भान राखले जाईल, हे आधीच ठरते. तिच्या वाट्याला आलेल्या पूर्वेकडील खोलीत शेकोटी पेटवायची नाही, असा मिसेस नॉरिसचा दंडक असतो. तरीही या घरावर सर्वांत निष्ठेने प्रेम करणारी व्यक्ती फॅनीच आहे. हेन्‍री क्रॉफर्डला नकार दिल्यानंतर तिला पोर्ट्समथला आईवडिलांकडे पाठवले जाते; दारिद्र्य पाहिल्यावर श्रीमंत स्थळाची किंमत कळेल, हा त्यामागील हेतू. तेथे मॅन्सफील्ड हेच आपले घर असे तिला उमगते. हे उमगणे भावपूर्ण आहे, पण निष्पाप नाही. मॅन्सफील्डची शांतता आणि सुव्यवस्था अँटिग्वा बेटावरील मळ्यांच्या उत्पन्नावर उभी होती, याकडे एडवर्ड सईद यांनी ‘कल्चर अँड इम्पीरियलिझम’ (१९९३) या ग्रंथात लक्ष वेधले. जे घर मायेचे वाटते त्याचा खर्च दूरवर कोणाच्या श्रमातून चालतो, हा प्रश्न त्यानंतर टाळणे समीक्षेला शक्य राहिले नाही.

ऑस्टिनच्या मृत्यूनंतर १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘पर्सुएशन’मध्ये लेखिकेची भूमिका अधिक स्पष्ट होते. कर्जबाजारी सर वॉल्टर एलियटला केलिंच हॉल ॲडमिरल क्रॉफ्ट यांना भाड्याने द्यावे लागते. ॲनला घर सोडण्याचे दुःख आहे. परंतु घर अधिक लायक माणसांच्या हाती गेले, हेही ती मनोमन मान्य करते. जन्माने मिळालेला हक्क आणि सांभाळाने मिळवलेला अधिकार यांत येथे फरक केला गेला आहे. ॲन शेवटी खलाशी नवऱ्याची पत्नी होते, तिला जमीनजुमला मिळत नाही. घरावरचे प्रेम भिंतींपासून सोडवून माणसांत नेण्याचा हा ऑस्टिनचा प्रयत्न म्हणता येईल.

दारावरचे नाव

एमिली ब्रॉन्टेच्या ‘वदरिंग हाइट्स’ (१८४७) मध्ये घराच्या मुख्य दारावर १५०० हे साल आणि हेअरटन अर्नशॉ हे नाव कोरलेले आहे. कथेच्या काळात त्याच नावाचा तरुण, घराण्याचा अखेरचा वारस, त्या घरात बिनपगारी नोकरासारखा राबत असतो आणि दारावरचे आपले नाव त्याला वाचता येत नाही. वर्ग ही जन्मदत्त वस्तू आहे या समजुतीला दिलेला हा कठोर छेद आहे. हीथक्लिफने हिंडलीचे घर जुगार आणि गहाणवटीतून घेतले आणि त्याच्या मुलाला शिक्षणापासून दूर ठेवले. स्वतः हीथक्लिफला एकेकाळी असेच अडाणी ठेवले गेले होते.

या कादंबरीतील प्रेमाची चर्चा पुष्कळ झाली. मालमत्तेची त्या मानाने कमी झाली. धाकटी कॅथरीन ही थ्रशक्रॉस ग्रेंजच्या मालकाची एकुलती एक मुलगी. तिला आजारी लिंटनशी लग्न करण्यास भाग पाडले जाते. तिची जंगम मालमत्ता नवऱ्याकडे आणि त्याच्या मृत्युपत्राने सासऱ्याकडे जाते. जमिनीवरही हीथक्लिफ ताबा सांगतो, आणि पैसा व पाठीराखा नसलेली विधवा सून तो ताबा मोडू शकत नाही. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचे कायदे इंग्लंडमध्ये १८७० आणि १८८२ साली झाले. त्याआधीच्या व्यवस्थेत विवाह हे घर हस्तगत करण्याचे साधन कसे होऊ शकते, हे एमिली ब्रॉन्टे एखाद्या वकिलाच्या काटेकोरपणे दाखवते. अखेरीस कॅथरीन हेअरटनला वाचायला शिकवते. घर परत मिळण्यापूर्वी दारावरचे नाव वाचता यावे लागते, असे या शेवटातून सूचित होते. आणि ही सारी हकीकत सांगते ती नेली डीन, म्हणजे एक नोकर. दोन्ही घरांच्या किल्ल्या, आजार, बाळंतपणे आणि मरणे सांभाळणाऱ्या या स्त्रीच्या नावावर एकही वीट नाही. घराची स्मृती मात्र संपूर्णपणे तिच्याकडे आहे.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या शार्लट ब्रॉन्टेच्या ‘जेन एअर’ची रचना एकापाठोपाठ एक घरांतून होते. अनाथ जेन मामीच्या घरात परकी, शाळेत आश्रित, थॉर्नफील्डमध्ये पगारी शिक्षिका. थॉर्नफील्डच्या माळ्यावर कोंडलेली बर्था ही जमैकाहून तीस हजार पौंड घेऊन आलेली पत्नी आहे. तिची संपत्ती नवऱ्याच्या झाली आणि तिच्या वाट्याला एक बंद खोली आली. जीन ऱ्हीस यांनी ‘वाइड सारगॅसो सी’ (१९६६) या कादंबरीत तिला स्वतःची कथा दिली, तर गिल्बर्ट आणि गुबर यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथाचे नावच तिच्यावरून ठेवले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र जेनच्या वारशाचा प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. मदीरा बेटावरील काकांकडून मिळालेले वीस हजार पौंड ती आपल्या तीन भावंडांत व स्वतःत प्रत्येकी पाच हजार याप्रमाणे समान वाटते. भाऊ नको म्हणत असताही ती ऐकत नाही. ती सगळे सोडूनही देत नाही. स्वतःचा चौथा हिस्सा ठेवते. नाते टिकण्यासाठी स्त्रीने आपला हक्क सोडला पाहिजे, या गृहीतकाला हे सरळ उत्तर आहे.

कोकणातील घर

या कादंबऱ्या मनात ठेवून दक्षिण कोकणातील घराकडे वळले असता काही साम्ये आणि एक मूलभूत भेद दिसतो. ओटी, पडवी, माजघर, देवघर, पुढे खळे आणि बाजूला मांगर अशी रचना असलेल्या कौलारू घरात कोणी कुठवर यायचे हे जातीने आणि वर्गाने ठरलेले असे. कूळ खळ्यात थांबे, पाहुणा ओटीवर बसे, आणि घरातली स्त्री माजघराच्या आत राही. घराचा नकाशा हा समाजाचाच नकाशा होता. घर चालत होते ते मात्र पुष्कळदा मुंबईच्या मनिऑर्डरीवर. गिरणीत वा गोदीत काम करणारा पुरुष गणपतीला आणि शिमग्याला येई. उरलेले वर्ष घराचे कौल, शेताची लावणी, सासूसासऱ्यांचे आजारपण बायकांच्या हाती असे. मॅन्सफील्डला जसे अँटिग्वा, तसे कोकणातील घराला परळ-लालबाग. फरक एवढाच की येथे राबणारा मनुष्य घरातलाच होता.

मूलभूत भेद वारशाच्या पद्धतीत आहे. इंग्लंडमधील जमीनदारी घर एकाच पुरुषाकडे जात असल्याने अखंड राहिले आणि बाकीची माणसे बाहेर पडली. हिंदू एकत्र कुटुंबात सर्व मुलग्यांचा हिस्सा असल्याने माणसे कागदावर राहिली आणि घर दुभंगले. चूल वेगळी झाली, माजघरात भिंत आली, सातबाऱ्यावर नावांची रांग लागली. सामाईक म्हणून कोणी दुरुस्ती करीना आणि कोणी विकूही शकेना, अशी कुलपे लागलेली घरे या किनाऱ्यावरील अनेक वाड्यांतून आढळतात. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या दोन खंडांच्या कादंबरीत जगबुडी नदीकाठच्या एका घराण्याच्या चार पिढ्यांची कथा आहे. सत्तेचे केंद्र असलेले घर हळूहळू सत्ता गमावते, ही तिची मोठी चौकट होय. खोती नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९४९ साली झाला. परंतु घराण्याच्या ऱ्हासाची बीजे घराच्या आतच होती, असे ही कादंबरी वाचताना जाणवते.

पेंडसे यांच्याच ‘रथचक्र’ (१९६२) मध्ये प्रश्न स्त्रीच्या बाजूने उभा राहतो. नवऱ्याने घर सोडलेले, सासरच्या एकत्र कुटुंबात स्थान नसलेली, मुलाच्या शिक्षणासाठी झटणारी ही नायिका ‘ती’ एवढ्याच सर्वनामाने ओळखली जाते. तिला नाव नाही, हे घराच्या संदर्भात अर्थपूर्ण आहे. हेअरटनचे नाव दारावर असून त्याला वाचता येत नव्हते. येथे दारावर कोरायला नावच नाही. मुलाने शिकावे हा तिचा ध्यास म्हणजे पुढच्या पिढीला तरी नाव वाचता यावे यासाठीची धडपड होय.

आरवलीच्या जयवंत दळवी यांनी ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) मध्ये कोकणी गाव हसतखेळत उभे केले. त्या पुस्तकाच्या लोकप्रियतेमुळे त्यांच्या लेखनातील अंधाऱ्या घराकडे वाचकांचे काहीसे दुर्लक्ष झाले. ‘अंधाराच्या पारंब्या’ या स्वतःच्या कादंबरीवरून त्यांनी लिहिलेले ‘बॅरिस्टर’ (१९७७) हे नाटक प्रस्तुत विषयाला अगदी जवळचे आहे. इंग्लंडहून शिकून आलेला, तेथील जीवनावर लुब्ध असलेला बॅरिस्टर एका जुन्या वाड्यात राहतो. सोबत केशवपन झालेली विधवा मावशी. वाड्यात बिऱ्हाडाला आलेल्या कुटुंबातील राधेवर वैधव्य येते आणि रूढी तिच्या दाराशी येऊन उभी राहते. बॅरिस्टर विचाराने तिच्या बाजूचा आहे. रूढीत आयुष्य गेलेली मावशीही तिच्या बाजूला येते. निर्णायक क्षणी धैर्य खचते ते इंग्लंड पाहिलेल्या पुरुषाचे. घराण्यातील वेडाची छाया त्याच्यावर आहे. थॉर्नफील्डमध्ये वेड परक्या बेटावरून आलेल्या स्त्रीच्या माथी मारले गेले. दळवींच्या वाड्यात ते घराच्या पुरुषवंशातूनच येते. या उलट मांडणीत दळवींची नैतिक दृष्टी दिसते. विजया मेहता यांनी हे नाटक रंगभूमीवर आणले आणि पुढे त्यावर ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला.

बॅरिस्टरचे उदाहरण इंग्रजी शिकणाऱ्या वाचकाला अंतर्मुख करणारे आहे. इंग्रजी वाङ्मय वाचून उदार झालेले मन घरातील स्त्रीच्या हक्काचा प्रश्न आला की मागे का सरते, हा या नाटकाने विचारलेला प्रश्न आहे. तो केवळ त्या काळापुरता मर्यादित नाही.

माहेरची माया आणि हक्कसोड

हिंदू वारसा कायदा १९५६ साली झाला. त्यातील तेविसावे कलम राहत्या घराविषयी होते. पुरुष वारस वाटप करीत नाहीत तोवर स्त्री वारसाला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती, आणि मुलीला तेथे राहण्याचा हक्क होता तो ती अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा नवऱ्यापासून विभक्त असेल तरच. म्हणजे सुखाने नांदणाऱ्या लेकीला माहेर हे केवळ भेटीचे ठिकाण. संसार मोडला तर निवाऱ्याचे. महाराष्ट्राने १९९४ साली एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलग्यांप्रमाणे जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तेविसावे कलम रद्द केले आणि मुलींना समान हक्क दिला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्णय दिला.

कायदा येथवर आला, तरी व्यवहारात हक्कसोडपत्राची प्रथा चालू आहे. वडील वारल्यावर बहिणी भावांच्या नावे आपला हिस्सा विनामोबदला सोडतात. बहुतेक वेळा जबरदस्ती नसते. गणपतीला यायचे असते, ओटी भरून घ्यायची असते, भावजयीने दारात हसून स्वागत करायला हवे असते. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती कोणी बोलून दाखवीत नाही. जॉन डॅशवुड आणि त्याची पत्नी ज्या गोड भाषेत तीन हजार पौंडांचे शून्य करतात, तीच भाषा येथे बहिणीच्या स्वतःच्या मनात बोलत असते. घराविषयीचे तिचे प्रेम हेच तिच्या सहीमागचे कारण असते. घरावर सर्वाधिक जीव असणारी व्यक्ती त्या घरावरचा हक्क स्वहस्ते सोडते, आणि समाज त्याला तिचा मोठेपणा म्हणतो.

यावर असा आक्षेप संभवतो की जिव्हाळ्याला मालकीच्या तराजूत तोलणे हे त्याला क्षुद्र करणे आहे. फॅनी किंवा नेली डीन यांचे प्रेम कागदाहून मोठे आहे. आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. सांभाळातून येणारे घराचे ज्ञान मालकाजवळ नसते आणि कादंबरी त्या ज्ञानाचा सन्मान करते, हे तिचे मोठे कार्य होय. परंतु फॉर्स्टरच्या ‘हॉवर्ड्स एंड’ (१९१०) मध्ये या सन्मानाची मर्यादाही दिसते. मिसेस विल्कॉक्स आपले स्वतःचे घर, त्याचा अर्थ जाणणाऱ्या मार्गारेटला द्यावे, असे पेन्सिलीने लिहून ठेवते. कुटुंबीय ती चिठ्ठी जाळून टाकतात. पुढे घर मार्गारेटला मिळते खरे, तथापि ते मिस्टर विल्कॉक्सशी लग्न करून आणि त्याच्या निर्णयाने. तिच्यानंतर ते हेलन आणि गरीब कारकून लेनर्ड बास्ट यांच्या मुलाकडे जायचे आहे. मात्र त्याआधी लेनर्डला त्याच घरात मरण येते. पेन्सिलीने लिहिलेला जिव्हाळा जळतो, शाईने लिहिलेला हक्क टिकतो. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली लिहिणाऱ्या स्त्रीसाठी स्वतःची खोली आणि वार्षिक पाचशे पौंड मागितले, तेव्हा त्यांनी हाच धडा व्यवहाराच्या भाषेत सांगितला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. अभिजात इंग्रजी कादंबरीत घराविषयीची ओढ सार्वत्रिक असली, तरी घरात राहण्याचा अधिकार वर्ग आणि लिंगभाव यांनी ठरवलेला आहे. आश्रित, मुली, विधवा आणि नोकर हे घर सांभाळतात व आठवतात. वारस ते ताब्यात घेतात. या लेखिका-लेखकांचे श्रेष्ठत्व असे की त्यांनी घराचे सौंदर्य रंगवताना ही विषमता झाकली नाही. कोकणातील घराची कहाणी वारशाच्या वेगळ्या पद्धतीमुळे वेगळ्या वळणाने गेली असली, तरी तिच्यातील ‘ती’ आणि राधा या फॅनी आणि कॅथरीनच्या परक्या नाहीत.

कोकणातील कौलारू घराविषयीचे स्मरणरंजन मराठीत विपुल आहे. त्या घरातील आजी, तिची चूल, तिच्या हातची चव यांचे गोडवे त्यात असतात. त्या आजीचे नाव घराच्या कागदावर होते काय, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. रेडी-शिरोडा-आरवलीच्या पट्ट्यातून आलेली विद्यार्थिनी जेव्हा ‘जेन एअर’ वाचते, तेव्हा तिला रॉचेस्टरच्या प्रेमकथेबरोबर वीस हजार पौंडांच्या चार समान वाटण्याही शिकवल्या गेल्या पाहिजेत. जेनने हिस्सा ठेवला आणि भावंडेही राखली. हक्कसोडपत्र समोर येईल त्या दिवशी, माया आणि हिस्सा एकत्र नांदू शकतात एवढे तरी तिला वाङ्मयातून ठाऊक असावे.